पावणेतीन तासांचा हिशेब : न्यायालयीन कोठडीतल्या एका मृत्यूचं प्रकरण

कुटुंबाच्या परवानगीने हे लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कारागृह कुठलं आणि रुग्णालय कुठलं, हेही मुद्दाम सांगत नाही. मृत व्यक्तीला आपण अप्पा म्हणू. सोलापुरात दर दुसऱ्या घरात एक अप्पा असतो, त्यामुळे अडचण येऊ नये.

पार्श्वभूमी

अप्पा सत्तावन्न वर्षांचे होते. शहराच्या पूर्व भागातल्या एका पतसंस्थेचे संस्थापक आणि बरीच वर्षं अध्यक्ष. ठेवीदार बहुतेक विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमाग कामगार आणि बंद पडलेल्या गिरण्यांमधून निवृत्त झालेली माणसं. विड्यांच्या मजुरीतून दर आठवड्याला बाजूला काढलेले पैसे पिग्मी एजंटच्या हातातून या संस्थेत जात. संस्था बुडाली तेव्हा शहरात असं घर शोधावं लागलं असतं, ज्यातलं कोणीच तिथे अडकलं नव्हतं.

ठेवीदारांच्या हितसंरक्षणाच्या 1999 च्या राज्य कायद्याखाली, म्हणजे बोलीभाषेतल्या 'एमपीआयडी'खाली, गुन्हा दाखल झाला. अप्पांना अटक झाली. पोलीस कोठडी संपून एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी मिळाली. ठेवीदारांपासून धोका असल्याचं कारण देऊन त्यांना बाहेरच्या जिल्ह्यातल्या मोठ्या कारागृहात हलवलं. मधुमेह जुना, रोज इन्सुलिन लागायचं, आणि हे दाखल होतानाच्या वैद्यकीय तपासणीत लिहिलेलं आहे.

इथवर हे प्रकरण इतर पतसंस्थांसारखंच होतं. पण मृत्यूच्या सहा दिवस आधी अप्पांच्या वकिलांनी न्यायालयात अर्ज दिला की आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब द्यायचा आहे. कर्जं कुणाच्या सांगण्यावरून मंजूर झाली, हे त्यात येणार अशी बातमी दुसऱ्याच दिवशी चहाच्या टपऱ्यांवर पोचली. अर्जाच्या सुनावणीची तारीख पडली आणि त्या तारखेच्या आधीच अप्पा गेले.

ती रात्र, आणि नंतरचे काही दिवस

जानेवारीचा पहिला आठवडा होता, गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेची, तयारी सुरू झाली होती. सकाळी 8 वाजून 10 मिनिटांनी घरी फोन आला : छातीत दुखू लागल्याने रुग्णालयात नेलं, उपचारांपूर्वीच मृत्यू. मुलगा आणि काका, म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ, गाडी करून निघाले. थोरली मुलगी, सगळे तिला अक्का म्हणतात, पुण्याहून परस्पर पोचली.

कोठडीतल्या मृत्यूची कार्यपद्धती कागदावर चांगली आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या 1993 च्या सूचनेप्रमाणे 24 तासांत आयोगाला कळवायचं. शवविच्छेदनाचं चित्रीकरण करायचं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 196 प्रमाणे पोलीस तपासाव्यतिरिक्त वेगळी दंडाधिकारीय चौकशी करायची, आणि शक्य असेल तिथे नातेवाइकांना कळवून त्यांना हजर राहू द्यायचं. या प्रकरणात हे सगळं झालं. डॉक्टरांच्या मंडळाने शवविच्छेदन केलं, चित्रीकरण झालं, व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने, राखून ठेवला. 'कागदच केले नाहीत' असा आरोप इथे टिकत नाही.

शहरात मात्र दुसऱ्या दिवशी दोन तट पडले. एक म्हणे, मारलं. दुसरा म्हणे, मेलेच नाहीत, पळवून लावलं. "मेला का पळविला की, कोण बघितलंय?" हे वाक्य मी कन्ना चौकात दोन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि दोघांच्याही ठेवी अडकल्या होत्या. माणूस हयात असला तर पैसेही कुठेतरी असतील, असा तो हिशेब. त्या अफवेत आशा होती, आणि म्हणून ती मरेना.

समोर असलेले पर्याय

पहिला निर्णय रुग्णालयाच्या आवारात, शवागाराबाहेर घ्यावा लागला. काकांचं म्हणणं, गुन्हा नोंदवल्याशिवाय मृतदेह ताब्यात घ्यायचा नाही, सोलापुरात पूनम गेटसमोर धरणं धरून बसायचं. घरातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं, गड्ड्याआधी उरकून घ्या, सणात घरात मढं नको. अक्का मधोमध होती. ती पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तिला फक्त एवढं हवं होतं की कुठले नमुने घेतले, हे कुणीतरी लिहून द्यावं.

मृतदेह न स्वीकारण्यातून दबाव येतो, हे खरं आहे. पण तो तासांवर चालतो, आणि तेवढ्यात मागण्या काय आहेत हे ठरलेलं असावं लागतं. काकांची मागणी एकच होती, 'खुनाचा गुन्हा दाखल करा'. पुरावा हातात नसताना ती कुणी मान्य करणार नव्हतं. त्याऐवजी, किंवा त्यासोबत, सीसीटीव्ही जपून ठेवल्याचं लेखी पत्र मागितलं असतं, तर ते देण्यात कुणाला फारशी अडचण नव्हती. हे माझं मत आहे. काका आजही ते मानत नाहीत.

शेवटी मृतदेह घेतला. कुटुंब लिंगायत, त्यामुळे दहन नाही, दफन. तेव्हा यात कुणी कायद्याचा विचार केला नव्हता, पण पुढे याचं महत्त्व कळलं : दंडाधिकाऱ्यांना गरज वाटली तर पुरलेला देह उकरून पुन्हा तपासता येतो. दहन झालं असतं तर हा रस्ता त्याच दिवशी बंद झाला असता.

दुसरा प्रश्न होता, थेट उच्च न्यायालयात जायचं की दंडाधिकारीय चौकशीत उतरायचं. तिसरा पर्याय गप्प बसण्याचा होता आणि तो घरातल्या काहींना मनापासून पटत होता. राहतं घर एमपीआयडीच्या जप्तीच्या यादीत होतं. आवाज केला तर तेही जाईल, अशी भीती अप्पांच्या पत्नीला कुणीतरी घातली होती. खरं तर आरोपीच्या मृत्यूने त्याच्यावरचा खटला संपतो, पण मालमत्तेची जप्ती त्याने आपोआप उठत नाही, आणि ओरडल्याने वाढतही नाही. हे त्यांना समजावून सांगायला कुणी नव्हतं.

कुटुंब माझ्याकडे आलं तेव्हा तिसरा आठवडा उलटत होता. मधले दिवस दुखवट्यात आणि दोनदा झालेल्या धरण्यात गेले होते. धरण्यातल्या फलकांवर एका राजकीय माणसाचं नाव होतं. बातमीत तेच आलं, आणि त्यानंतर कारागृहाने कुटुंबाशी बोलणं थांबवलं.

काय केलं

आम्ही 'कुणी मारलं' हा प्रश्न बाजूला ठेवला. वगळला नाही, बाजूला ठेवला. त्याच्याऐवजी अक्काने एका वहीत रात्री 1 पासून सकाळी 8 पर्यंतचा तक्ता आखला. प्रत्येक वेळेसमोर दोनच रकाने : ही वेळ कुठल्या कागदावर असू शकते, आणि तो कागद कुणाकडे आहे. बरॅकचं रजिस्टर, फाटकावरचं रजिस्टर, वाहनाचं लॉगबुक, रुग्णालयाच्या अपघात विभागाची नोंद, इन्सुलिन दिल्याची नोंद, बरॅक बदलल्याचा आदेश, सीसीटीव्ही. हे सगळं मागवावं असा अर्ज चौकशी करणाऱ्या दंडाधिकाऱ्यांकडे दिला.

माहिती अधिकारातही अर्ज केले. त्यावर अपेक्षित उत्तर आलं : चौकशी चालू आहे, माहिती दिल्याने तिला बाधा येईल. कलम 8(1)(h) चा हा आधार इतक्या सर्रास वापरला जातो की ते उत्तर आधीच छापून ठेवत असतील असं वाटतं. अपिलात काही मिळालं, पण उपयोगाचे कागद दंडाधिकाऱ्यांमार्फतच आले.

सीसीटीव्ही मात्र गेलं होतं. साठवण पंधरा दिवसांची, त्यावर नवीन चित्रण चढलं, असं लेखी उत्तर आलं. इथे अनेक वकीलही एक गोष्ट गृहीत धरतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात चित्रण 18 महिने ठेवायला सांगितलं, तो आदेश पोलीस ठाण्यांसाठी आणि अटक-चौकशीचे अधिकार असलेल्या तपास यंत्रणांसाठी आहे. कारागृहाला तो जसाच्या तसा दाखवता येत नाही. तिथे चित्रण वाचवायचं तर लेखी मागणी लवकर, अगदी पहिल्या दोन दिवसांत जायला हवी.

दुसरं शवविच्छेदन मागायचं का, यावर महिनाभर घोळ चालला. काकांना हवं होतं. अक्काने ज्या शंका लिहिल्या होत्या त्यातली मोठी इन्सुलिनची होती : दिलं गेलं नाही, की जास्त दिलं गेलं? आम्ही एका न्यायवैद्यक तज्ज्ञांना विचारलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. व्हिसेराच्या नेहमीच्या रासायनिक तपासणीत इन्सुलिन शोधलं जात नाही. ते वेगळं मागावं लागतं, आणि मृत्यूनंतर लवकर विघटित होतं. साखर खूप वाढून मृत्यू झाला असेल तर व्हिट्रिअस, म्हणजे डोळ्याच्या आतल्या द्रवातून ते कळू शकतं. साखर उतरून झाला असेल तर मृत्यूनंतर तिथली साखर तशीही घटत असल्याने सांगणं अवघड. हा नमुना पहिल्या शवविच्छेदनात घेतला नव्हता. दोन महिन्यांनी देह उकरून यातलं काहीच हाती लागणार नव्हतं. हाडं मोडली असती तर दिसली असती, पण पहिल्या चित्रीकरणात गळ्याची तपासणी नीट झालेली दिसत होती आणि कंठास्थी, म्हणजे गळा दाबल्यास मोडू शकणारं हाड, शाबूत होतं.

म्हणून उकरायचं नाही, असं ठरलं. अप्पांच्या पत्नीने हो म्हटलं, काकांनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं कमी केलं.

चौकशीत काय निघालं

शवविच्छेदनाचं मत : हृदयाच्या धमनीत मोठा अडथळा, हृदयविकाराचा झटका, नैसर्गिक मृत्यू. बरगड्यांवर मुका मार होता, तो छाती दाबून हृदय चालू करण्याच्या प्रयत्नात होऊ शकतो. उजव्या मनगटावर दोन ताजे खरचटे. त्यांचा खुलासा कुठल्याच कागदात नाही.

वेळांकडे येऊ. कारागृहाच्या रजिस्टरप्रमाणे 3 वाजून 5 मिनिटांनी तक्रार कळली, 3:20 ला वैद्यकीय कर्मचाऱ्याने तपासलं, 'नाडी मंद' अशी नोंद केली, 3:50 ला वाहन फाटकातून बाहेर पडलं. रुग्णालयात 4:25 ला 'मृतावस्थेत आणले'. सरळ, सुसंगत मालिका.

अक्काला खटकली ती अपघात विभागातल्या डॉक्टरांची एक ओळ : अंग थंड, जबड्यात ताठरपणा सुरू. मृत्यूनंतरचा ताठरपणा आपल्या हवामानात साधारण एक-दोन तासांनी जबडा-मानेकडून दिसू लागतो, आणि जानेवारीच्या थंडीत तो उशिरा येतो, लवकर नाही. 4:25 ला जबडा आखडू लागलेला असेल, तर 3:20 ला नाडी कशी लागली? ताठरपणावरून वेळ मिनिटावर ठरत नाही, हे मान्य. तरी दोन सरकारी कागद एकमेकांशी भांडत होते, आणि तेही आमच्या कुठल्याही आरोपाशिवाय.

मग शेजारच्या बंद्याचा शोध घेतला. तो जामिनावर सुटून अक्कलकोट तालुक्यातल्या आपल्या गावी शेतावर होता. धरण्यांच्या काळात त्याच्याकडे कुणीच गेलं नव्हतं. त्याने दंडाधिकाऱ्यांसमोर सांगितलं की एकचा टोल पडून गेल्यावर, साधारण पाऊण तास झाला असेल, तेव्हा अप्पा उठून बसले, घाम फुटला होता. त्याने आणि इतरांनी ताटल्या वाजवल्या, हाका मारल्या. गजाबाहेर एक जण आला, "सकाळी डॉक्टर येतील" म्हणून गेला. दार उघडलं तेव्हा अप्पा बोलत नव्हते. मारहाण? नाही, त्याने तसं काही पाहिलं नाही.

त्याचा जबाब धरला तर 1:40 च्या सुमाराला त्रास सुरू झाला आणि 4:25 ला रुग्णालय गाठलं. पावणेतीन तास. हृदयविकारात पहिल्या तासाला काय किंमत असते हे वेगळं सांगायला नको. वर्षभराहून जास्त चाललेल्या चौकशीच्या अहवालात मृत्यू नैसर्गिक ठरला, मदत मिळायला विलंब झाल्याचं नोंदवलं गेलं, रजिस्टरमधल्या वेळांवर विश्वास ठेवता येत नाही असं म्हटलं गेलं, आणि विभागीय कारवाईची शिफारस झाली.

काकांना हा अहवाल म्हणजे पांघरूण वाटतं. मला तसं वाटत नाही.

'सोलापूरचा एपस्टीन'

ठेवीदारांच्या व्हॉट्सॲप गटात अप्पांना हे नाव पडलं होतं, म्हणून थोडं विषयांतर. अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाचा आरोप असलेला अमेरिकी धनाढ्य जेफ्री एपस्टीन 10 ऑगस्ट 2019 ला न्यूयॉर्कच्या संघीय तुरुंगात सकाळी साडेसहाच्या सुमाराला मृतावस्थेत सापडला. शहराच्या वैद्यकीय तपासनिसांनी गळफासाने आत्महत्या ठरवली. कुटुंबाने नेमलेले न्यायवैद्यक तज्ज्ञ मायकेल बाडेन यांनी गळ्याच्या हाडांचे अस्थिभंग पाहून असहमती दाखवली. 'कुणी मारलं' यावर जग आजही भांडतं आहे. पण अमेरिकी न्याय खात्याच्या महानिरीक्षकांचा जून 2023 चा अहवाल वाचला तर छोट्या प्रश्नांची उत्तरं ढिगाने सापडतात : कोठडीतल्या जोडीदाराला 9 ऑगस्टला हलवलं आणि सूचना असूनही दुसरा दिला नाही, रात्री 10:40 नंतर कुणी फेरी मारली नाही, कैद्यांच्या मोजणीच्या खोट्या चिठ्ठ्या भरल्या, जुलैच्या अखेरीपासून निम्म्या कॅमेऱ्यांचं चित्रण साठतच नव्हतं, कोठडीत गरजेपेक्षा जास्त चादरी होत्या. तरीही 2025 च्या जुलैमध्ये प्रसिद्ध केलेल्या चित्रफितीत मध्यरात्रीपूर्वीचं एक मिनिट नव्हतं, आणि सगळी चर्चा त्या मिनिटावर गेली. नंतर ते मिनिटही बाहेर आलं. संशय होता तिथेच राहिला, कारण तो त्या मिनिटामुळे आलेलाच नव्हता.

अप्पांच्या बाबतीतही हेच. ठेवीदारांना मी बंद्याच्या जबाबाबद्दल सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर निराशा दिसली. वेळेवर दार न उघडल्याने माणूस मेला, यात कुणी मोठा माणूस गोवला जात नाही.

ज्यांची उत्तरं मिळाली नाहीत

मृत्यूच्या दोन दिवस आधी अप्पांची बरॅक बदलली. आदेशावर 'प्रशासकीय कारण' एवढंच आहे. जुन्या बरॅकजवळ वैद्यकीय कक्ष होता, नवी दूर होती. जबाबाच्या अर्जाशी याचा संबंध होता का? असेलही, नसेलही. तो आदेश कुणाच्या तोंडी सूचनेवरून निघाला, हे चौकशीत विचारलं गेलं, पण संबंधित अधिकाऱ्याला 'आठवत नाही'.

मनगटावरचे खरचटे. शेवटच्या दोन दिवसांतल्या इन्सुलिनच्या नोंदी, ज्या एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसतात. आणि अप्पांची छोटी वही, जिच्यात ते कर्जदारांची नावं आठवून लिहीत, असं अक्काला भेटीत म्हणाले होते. परत मिळालेल्या सामानाच्या यादीत कपडे, चष्मा, विभूतीची डबी, शिवलिंगाची करंडी होती. वही नव्हती.

यातला वहीचा प्रश्न मला सगळ्यात गंभीर वाटतो, आणि तोच सिद्ध करायला सगळ्यात कठीण आहे. ती होती याचा पुरावा अक्काच्या आठवणीशिवाय कुठेच नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच दिवशी, शवागाराबाहेर, साध्या कागदावर एक अर्ज द्यायला हवा होता. त्यात चित्रण जपून ठेवणं, व्हिट्रिअसचा नमुना आणि इन्सुलिनची तपासणी, मृताच्या सामानाचा पंचनामा नातेवाइकांसमोर करणं, त्या रात्री बरॅकमध्ये असलेल्या बंद्यांची यादी, एवढंच. पोच घ्यायची आणि प्रत दंडाधिकाऱ्यांना पाठवायची. याला वकील लागत नाही. अक्काला हे निम्मं सुचलंही होतं, पण शोकात असलेल्या घरात मुलीचं कोण ऐकतं? काका बोलत होते, मुलगा रडत होता, आणि गावाहून आलेली माणसं गाडीची घाई करत होती.

अप्पांच्या मूळ वकिलांना एक गोष्ट करता आली असती. जबाबाचा अर्ज देतानाच आरोपीच्या जिवाला धोका असल्याचं आणि त्याच्या आजाराचं न्यायालयाच्या नोंदीवर आणता आलं असतं. पेशी व्हिडिओवरून होत होती. पडद्यावरच्या माणसाचा सुजलेला पाय किंवा उतरलेला चेहरा न्यायाधीशांना दिसत नाही. तो वकिलाने सांगावा लागतो.

धरण्याबद्दल मी द्विधा आहे. त्यामुळे प्रकरण विझलं नाही, हे काकांचं म्हणणं बरोबर आहे. पण फलकावर एक नाव लिहिल्याने कारागृहातल्या साध्या शिपायापासून सगळे सावध झाले, आणि ज्याने गजाबाहेरून "सकाळी डॉक्टर येतील" म्हटलं तो माणूस कोण, हे आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

आता

विभागीय कारवाई सुरू असल्याचं पत्र आलं आहे. दंडाधिकाऱ्यांचा अहवाल आल्यावर पुढे नेमकं काय, याबाबत कलम 196 गप्प आहे. परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशी यांच्या न्यायालयीन कोठडीतल्या मृत्यूत हाच मुद्दा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर आला, 4 जुलै 2025 ला गुन्हा नोंदवण्याचा आदेश झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. तिथे अहवालात पोलिसांवर ठपका होता. आमच्या अहवालात विलंब आहे, मारहाण नाही, त्यामुळे तो आदेश आम्हाला सरळ वापरता येत नाही.

भरपाईचा प्रश्नही शब्दावर अडला आहे. राज्य मंत्रिमंडळाच्या एप्रिल 2025 च्या धोरणात वैद्यकीय दुर्लक्षाने झालेल्या बंद्याच्या मृत्यूला 5 लाख, आत्महत्येला 1 लाख, आणि नैसर्गिक मृत्यूला काहीच नाही. अहवाल एकाच परिच्छेदात 'नैसर्गिक' म्हणतो आणि विलंबही मान्य करतो. हा विलंब दुर्लक्षात मोडतो की नाही, एवढ्याच मुद्द्यावर उच्च न्यायालयात याचिका दाखल आहे, आणि तिला अक्काचा तक्ता जोडलेला आहे.

पतसंस्थेच्या उरलेल्या संचालकांवरचा खटला सोलापुरात चालू आहे. अप्पांचा जबाब न झाल्याने कर्जमंजुरीच्या कागदांवर ज्यांची सही नाही, त्यांच्यापर्यंत खटला अजून पोचलेला नाही. अक्काने याचिकेतली रक्कम मिळाली तर ठेवीदारांच्या खात्यात भरायची, असं ठरवलं आहे. काकांना ते मान्य नाही.